ब्रह्मगिरीचे झरे मोजू या, ब्रह्मगिरी राखू या

नाशिककरांनो, त्र्यंबककरांनो, आपल्या गोदावरीला हिमनदी नाही. उत्तरेतल्या गंगेच्या माथ्यावर गंगोत्रीचा बर्फ आहे. वैशाख तापला की तो वितळतो आणि खाली पाणी येत राहते. आपल्या दक्षिण गंगेच्या माथ्यावर नुसता डोंगर आहे. सुमारे १३०० मीटर उंचीचा ब्रह्मगिरी, शेजारचा अंजनेरी आणि त्र्यंबकची सारी रांग पावसाचे चार महिने पाणी पिते आणि उरलेले आठ महिने ते झऱ्याझऱ्यांतून सोडत राहते. गोदावरीची हिमनदी म्हणायची तर ती हीच. फक्त ती दगडाच्या पोटात आहे.

पोटात आहे, म्हणूनच ती जास्त धोक्यात आहे. बर्फ मागे सरला की उघडा खडक दिसतो, फोटो निघतात, बातम्या होतात. डोंगराच्या पोटातले पाणी ओसरले तर वरून काही म्हणजे काही दिसत नाही. होळीपर्यंत वाहणारा झरा संक्रांतीलाच थांबू लागला, तर ते हंडा घेऊन येणाऱ्या बाईला कळते. कागदाला कळत नाही, आणि ज्याची कागदावर नोंद नाही त्याच्यासाठी कोणी कोर्टातही भांडू शकत नाही.

म्हणून ही हाक दोन गोष्टींसाठी आहे. ब्रह्मगिरी-अंजनेरीचा डोंगर यापुढे फोडू द्यायचा नाही. आणि त्याच्या अंगावरच्या प्रत्येक झऱ्याची नोंद आजपासून, न चुकता, पिढ्यान्‌पिढ्या ठेवायची. पहिली गोष्ट साधायची तर दुसरी केल्याशिवाय गत्यंतर नाही.

पुन्हा त्याच जागी जाणारी माणसे

हिमनद्या आटताहेत हे जगाला पटले कसे, ते आधी पाहू. १९३५ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे जे. बी. ऑडेन गोमुखापाशी पोचले आणि गंगोत्री हिमनदीचे मुख नेमके कुठे आहे याचा त्यांनी नकाशा काढला. ते एकदाच घडले असते तर तो नकाशा आज एखाद्या कपाटात पडून असता. पण पुढच्या पिढ्यांतले भूवैज्ञानिक त्याच जागी पुन्हा पुन्हा गेले आणि त्याच मुखाचे अंतर त्यांनी नव्याने मोजले. त्या साखळीमुळेच आज छातीठोकपणे सांगता येते, की गंगोत्रीचे मुख गेल्या शतकात वर्षाला सरासरी वीस मीटरच्या आसपास मागे हटत गेले. १९८९ साली तो सारा प्रदेश गंगोत्री राष्ट्रीय उद्यान झाला. लाहौल-स्पितीतल्या छोटा शिग्री हिमनदीवरही २००२ पासून दरवर्षी बर्फाचा जमाखर्च मांडला जातो: हिवाळ्यात किती पडले, उन्हाळ्यात किती गेले.

जगभर हेच दिसते. स्वीडनमधल्या स्टोरग्लेसियारेन या लहानशा हिमनदीची मोजणी दुसरे महायुद्ध संपल्यावर लगेच सुरू झाली आणि आजतागायत खंडली नाही. अमेरिकेच्या नॉर्थ कॅस्केड्स राष्ट्रीय उद्यानात १९९३ पासून माणसे बर्फात लांब खुंट्या रोवतात आणि उन्हाळा सरला की कोणती खुंटी किती उघडी पडली ते मोजतात. मोंटानातल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात तर जुन्या फोटोंच्या जागा हुडकून काढल्या गेल्या. ज्या दगडावर उभे राहून पूर्वीच्या कोणी फोटो घेतला होता, त्याच दगडावर उभे राहून नवा फोटो घ्यायचा आणि दोन्ही शेजारी ठेवायचे. १९६६ ते २०१५ या काळात तिथल्या हिमनद्या सरासरी ३९ टक्क्यांनी आक्रसल्या, हे अशाच चिकाटीतून सिद्ध झाले. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे वर्ष हिमनद्यांच्या रक्षणाचे म्हणून जाहीर केले आणि २१ मार्च हा त्यांचा दिवस ठरवला. त्यामागे या माणसांची कित्येक दशकांची पायपीट आहे.

यात वापरलेली साधने बघा. खुंटी, मोजपट्टी, कॅमेरा आणि वही. त्र्यंबकच्या कोणत्याही शाळेत यातले काय नाही? नसते ते एकच: त्याच जागी, त्याच दिवशी, वर्षानुवर्षे परत जाण्याची शिस्त. आणि ती आपल्याला नवी नाही. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी घालायला लाखो पाय दरवर्षी त्याच वाटेने चालतात. पौषात संत निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या त्याच मुक्कामांवरून येतात. परत परत जाणे हा तर आपला धर्मच आहे. आता त्याला वहीची जोड द्यायची.

दगड पाणी कसे धरतो

या डोंगराची घडण एकदा समजून घेतली की त्याला हात लावायला मन धजत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले आणि थिजले. सह्याद्री म्हणजे ही भाकऱ्यांची चळत. प्रत्येक थर सारखा नाही. कुठे घट्ट काळा पाषाण, त्याला उभ्या भेगा. कुठे बुडबुड्यांनी पोकळ झालेला सच्छिद्र खडक. आणि दोन थरांच्या मधे बऱ्याच ठिकाणी तांबड्या, चिकण मातीचा पट्टा. घाटातल्या रस्त्याने जाताना कड्यावर ही तांबडी रेघ आपण सगळ्यांनी पाहिली आहे.

माथ्यावर पडलेला पाऊस गवत, करवी, माती आणि मुरूम यांतून हळूहळू मुरतो, भेगांत शिरतो आणि खाली उतरत राहतो. वाटेत तो तांबडा पट्टा आडवा आला की पाण्याला खाली जायला वाट उरत नाही. मग ते पट्ट्यावरून आडवे सरकते आणि डोंगराच्या कुशीतून बाहेर पडते. तो झरा. म्हणून एकाच उंचीवर डोंगराला वळसा घालून ओळीने झरे आढळतात. ब्रह्मगिरीवरच्या गंगाद्वाराचे पाणीही असेच कातळातून पाझरते. गौतम ऋषींच्या तपाने गंगा इथे अवतरली असे आपण मानतो. त्या श्रद्धेला भूशास्त्राने कुठे धक्का बसत नाही. उलट गंगा या डोंगराने किती जपून धरून ठेवली आहे, ते त्यातून कळते.

ही सगळी यंत्रणा तीन गोष्टींवर उभी आहे. वरचे गवत आणि झाडोरा, त्याखालचा मुरमाचा जाड थर, आणि त्याखालच्या भेगा. गवत वणव्यात जळाले तर पाणी मुरायच्या आत वाहून जाते. मुरूम उपसला तर पाणी थांबायला जागाच राहत नाही. आणि सुरुंगाने भेगा हलल्या, तर कित्येक शतके एका झऱ्याला मिळणारे पाणी दुसरीकडे वळू शकते, किंवा खोल कुठे निघून जाऊ शकते. तोडलेले झाड पुन्हा लावता येते. फुटलेला थर कोणत्याही योजनेतून परत जोडता येत नाही.

घाव कुठे कुठे बसतात

२०२१ साली ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी यंत्रे लावून, सुरुंग उडवून उतार फोडल्याच्या तक्रारी झाल्या, तेव्हा नाशिक-त्र्यंबकची माणसे उठली. साधू, शेतकरी, पर्यावरणाचे कार्यकर्ते, तरुण मुले एकत्र आली. त्यांच्या आवाजानेच तो विषय राज्यभर पोचला. मुळेगावहून अंजनेरीच्या माथ्याकडे रस्ता नेण्याचा घाट घातला गेला, तेव्हाही विरोध झाला. अंजनेरी आणि ब्रह्मगिरी जोडणाऱ्या रोपवेच्या प्रस्तावालाही निसर्गप्रेमींनी हरकत घेतली आहे, कारण या कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत, आणि भारतातली गिधाडे नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहेत.

अंजनेरीवर याहून नाजूक ठेवा आहे. २००६ साली कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी इथल्या एका कंदीलपुष्पाची नवी प्रजाती म्हणून नोंद केली आणि तिला अंजनेरीचेच नाव दिले. पावसाळ्यात माथ्यावरच्या पातळ मातीत उगवणारे ते टीचभर रोप आहे. अंजनेरीच्या काही भागाला २०१७ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, तो अशाच जिवांमुळे. पण राखीव क्षेत्राची हद्द नकाशावर संपते, पाण्याची वाट संपत नाही. शेजारचा ब्रह्मगिरी फुटत राहिला तर एका तुकड्याला दिलेले संरक्षण किती काळ पुरेल?

मेटघर किल्ल्याच्या मेटांवर राहणाऱ्यांना या सगळ्याची झळ पहिल्यांदा बसते. मेट म्हणजे गडाच्या अंगावरची वस्ती. एकेकाळी किल्ल्याची राखण करणाऱ्या या वस्त्या. आज इथली कुटुंबे भात, नागली, वरई पिकवतात आणि पावसाळ्यात दरडीच्या धास्तीने रात्र काढतात. माळीण २०१४ साली दरडीखाली गेले, तळिये २०२१ साली, इर्शाळवाडी २०२३ साली. डोंगराच्या पायाला हात घालताना ही तीन नावे डोळ्यांसमोर असलीच पाहिजेत. पावसाळा सरला की याच मेटांवर दुसरे संकट येते. त्र्यंबक तालुक्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि त्याच तालुक्यात एप्रिल-मे महिन्यांत बाया कोरड्या विहिरीत जिवावर उदार होऊन उतरतात, तळाच्या खळगीत साचलेले गढूळ पाणी वाटीवाटीने हंड्यात भरतात. येवला-सिन्नरला पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसावर माणसे दिवस काढतात, ती टंचाई समजू शकते. पण चौपट पाऊस पडूनही पाणी नसेल, तर डोंगराची पाणी धरून ठेवण्याची ताकद कमी होत चालली आहे का, हा प्रश्न प्रत्येकाने विचारायला हवा. तो विचारायचा तर आकडे हवेत.

आणि ही टंचाई मेटांपुरती राहत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये गुढीपाडव्याच्या सुमारास नाशिकच्या रामकुंडातले पाणी आटले. जिथे देशभरातून माणसे अस्थी घेऊन येतात, तिथे टँकरने पाणी ओतावे लागले. आपल्यापैकी कित्येकांनी ते डोळ्यांनी पाहिले आहे. त्या वर्षी आपण दुष्काळाला बोल लावला. पण नदीच्या माथ्यावरचे झरे त्या चैत्रात किती वाहत होते, मागच्या चैत्रात किती आणि दहा वर्षांपूर्वी किती, हे आपण एकमेकांना सांगू शकलो नाही.

हे पाणी कोणाकोणाचे

कोणी म्हणेल, हा त्र्यंबकचा प्रश्न, बाकीच्यांनी कशाला त्यात पडायचे? त्यांनी नकाशा उघडावा. ब्रह्मगिरीतून निघालेली गोदावरी १४६५ किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत गंगापूर धरण नाशिकची तहान भागवते, नांदूरमधमेश्वरचा जलाशय पक्ष्यांना आसरा देतो. तो महाराष्ट्रातला पहिला रामसर पाणथळ आहे. पुढे पैठणला जायकवाडी, मग नांदेड, मग तेलंगण, आंध्र. जायकवाडीत पाणी सोडण्यावरून नाशिक-नगर आणि मराठवाडा वारंवार एकमेकांसमोर उभे ठाकतात. धरणातल्या प्रत्येक थेंबाचा हिशेब होतो, कोर्टात जातो, विधानसभेत गाजतो. ज्या डोंगरातून तो थेंब येतो त्याच्या हिशेबासाठी मात्र आपण कधी एकत्र बसलो आहोत का?

पाण्याची दुसरी वाट पश्चिमेकडे आहे. वैतरणा याच त्र्यंबकच्या डोंगरात जन्म घेते आणि अरबी समुद्राकडे जाते. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांपैकी मोडक सागर, ऊर्ध्व वैतरणा आणि मध्य वैतरणा हे तीन याच नदीवर आहेत. दादरच्या, कुर्ल्याच्या, बोरिवलीच्या चाळीत आणि टॉवरमध्ये नळाला येणाऱ्या पाण्यात या रांगेचा पाऊस आहे. तेव्हा मुंबईकरांनो, मराठवाड्यातल्या बंधूभगिनींनो, ही हाक तुम्हालाही आहे.

वही कशी लिहायची

झरा मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. झऱ्याच्या तोंडाशी पन्हळ किंवा पाइपचा तुकडा बसवा, म्हणजे सगळे पाणी एका धारेत येईल. त्याखाली दहा लिटरची बादली धरा आणि मोबाइलवर वेळ लावा. बादली भरायला किती सेकंद लागले ते तीनदा मोजून सरासरी काढा. समजा, कार्तिकात बादली चाळीस सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला १५ लिटर, दिवसाला २१,६०० लिटर. वैशाखात त्याच बादलीला पाच मिनिटे लागली, तर मिनिटाला दोन लिटर, दिवसाला २,८८० लिटर. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने ते बावन्न माणसांचे पाणी. मेटावर माणसे किती, गुरे किती, हे गावाला तोंडपाठ असते. बादलीच्या एका मोजणीतून टँकर कधी मागायचा तेही कळते, आणि तो आणीबाणीच्या आधी मागता येतो.

जिथे पाणी धारेने पडत नाही, नुसते वाहते, तिथे त्रिकोणी खाच पाडलेली फळी आडवी बसवायची आणि खाचेतून जाणाऱ्या पाण्याची उंची पट्टीने मोजायची. उंचीवरून प्रवाह काढण्याचे कोष्टक अभियांत्रिकीच्या कोणत्याही विद्यार्थ्याला येते. शेजारी एक पर्जन्यमापक हवा. आणि झऱ्यासमोर एक ठरलेली जागा, जिथे उभे राहून दर महिन्याला एकच चौकट धरून फोटो घ्यायचा. तारीख लक्षात राहावी म्हणून दर पौर्णिमेचा दिवस धरू या. पौर्णिमा कोणाला विचारावी लागत नाही. वहीत चार रकाने पुरेत: दिवस, प्रवाह, महिन्याचा पाऊस आणि शेरा. शेऱ्यात लिहायचे, वरच्या अंगाला वणवा लागला का, कोणी खोदले का, नवी बोअर झाली का, पाणी गढूळ आले का.

या नोंदीतून काय घडू शकते हे सिक्कीमने दाखवले आहे. तिथे २००८ च्या सुमारास धारा विकास नावाचा कार्यक्रम सुरू झाला. गावातल्याच तरुणांना शिकवून झऱ्यांचे प्रवाह मोजले गेले, पाणी मुरते कुठे ते शोधले गेले आणि त्या माथ्यावर चर खोदून पाऊस अडवला गेला. आटत चाललेल्या झऱ्यांना त्यातून पुन्हा पाणी आले. नीती आयोगाच्या २०१८ च्या अहवालाने हिमालयातल्या निम्म्या झऱ्यांचे पाणी घटत असल्याचा इशारा दिला आणि झऱ्यांच्या गणनेचा आग्रह धरला. झऱ्यांवर गावोगाव काम करणारी अॅक्वाडॅम ही संस्था आपल्या पुण्यातली. ज्ञान घरात आहे. ते कामाला लावायचे आहे.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून आहे. निरीक्षण विहिरींची पातळी ती वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. आपल्या मागण्या तिथूनच सुरू होतात. ब्रह्मगिरी-अंजनेरीच्या झऱ्यांना निरीक्षण विहिरींचा दर्जा द्या. त्यांचे आकडे कोणालाही घरबसल्या पाहता येतील असे ठेवा. नाशिकमध्येच १९५९ पासून असलेल्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे आपल्या मेरीने, या मोजणीची पद्धत ठरवून द्यावी आणि वर्षातून एकदा ती तपासावी. गावाच्या वहीला शास्त्राचा शिक्का मिळाला की ती कोणत्याही सुनावणीत ठामपणे उभी राहील.

सिंहस्थ दारात आहे

सिंहस्थ कुंभमेळ्याचे ३१ ऑक्टोबर २०२६ चे ध्वजारोहण आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधली अमृतस्नाने हे सगळे नाशिक-त्र्यंबकचे सर्वात मोठे पर्व आहे. कोट्यवधी भाविक येणार, त्यांच्यासाठी रस्ते, घाट, निवारे होणार. व्हायलाच हवेत. आलेल्या माणसाची सोय करणे हा नाशिकचा संस्कार आहे. पण पूर्वीच्या सिंहस्थाने काय शिकवले ते विसरू नका. २००३ च्या सिंहस्थाच्या तयारीत गोदापात्रातल्या प्राचीन कुंडांवर काँक्रीट ओतले गेले. कुंडांच्या तळाचे जिवंत पाझर त्याखाली गाडले गेले. ते काँक्रीट काढा म्हणून नाशिककरांना वर्षानुवर्षे कोर्टाचे उंबरठे झिजवावे लागले. त्र्यंबकमध्येही गोदावरी गावात शिरल्या शिरल्या स्लॅबखाली दिसेनाशी होते. सोयीसाठी घाईने ओतलेले सिमेंट काढायला पिढी जाते. डोंगर फोडून केलेली सोय तर कधीच परत घेता येत नाही.

काही जण म्हणतील, रस्ता आणि रोपवे झाले तर म्हाताऱ्या माणसांना माथा गाठता येईल, आदिवासी पोरांना रोजगार मिळेल. या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते हिडीसफिडीस करून उडवून लावू नये. म्हाताऱ्या माणसांसाठी आहेत त्या पायऱ्यांची नीट डागडुजी, विसाव्याच्या जागा, पिण्याचे पाणी, डोलीवाल्यांना रास्त मजुरी ही कामे डोंगराला न दुखवता उद्यापासून होऊ शकतात. १९०८ साली कराचीच्या एका शेठजींनी स्वतःच्या खर्चाने बांधलेल्या पायऱ्या आजही चालतात. आणि रोजगार म्हणाल तर झरा मोजणारे, वणवा रोखणारे, माथ्यावर चर खोदणारे, फेरीला वाट दाखवणारे हात मेटांवरचेच हवेत आणि त्यांना नियमित मेहनताना हवा. डोंगर असेल तोवर हे काम संपणार नाही. खाणीचे काम डोंगर संपला की संपते.

त्र्यंबक तालुक्यातली अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार तिथे गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची शिफारस लागते. गावकऱ्यांनो, हे अधिकार तुमचे आहेत. ब्रह्मगिरीच्या उतारावर आणि झऱ्यांच्या माथ्यावर खोदकाम होणार नाही, असा ठराव ग्रामसभेत करा, झऱ्यांची यादी त्याला जोडा आणि त्याची प्रत तहसीलदार, वनखाते आणि जिल्हाधिकारी यांच्याकडे द्या. शहरातल्या वकिलांनी आणि अभियंत्यांनी या कामात गावाला फुकट मदत करावी. हे आपले देणे आहे. गंगापूरचे पाणी आपण पितो.

आता ज्याने त्याने आपापला वाटा उचलायचा

शिक्षकांनो, एक शाळा, एक झरा असे वाटून घ्या. आठवीच्या मुलांनी वही धरली तर दहावीपर्यंत त्यांच्या हाती तीन उन्हाळ्यांचे आकडे येतील. मग ती वही पुढच्या आठवीला सोपवायची. नाशिकच्या महाविद्यालयांतल्या भूगोल आणि भूशास्त्राच्या प्राध्यापकांनो, हे आकडे तपासायची, त्यांचे आलेख काढायची जबाबदारी तुम्ही घ्या.

नाशिक-त्र्यंबकच्या जुन्या कुटुंबांनो, घरचे अल्बम उघडा. १९६८, १९८०, १९९१-९२, २००३, २०१५ अशा सिंहस्थांचे फोटो तुमच्या घरी असतील; लग्नामुंजीनंतर देवदर्शनाला गेल्याचे असतील. फोटोत माणसांच्या मागे डोंगर असतो. त्यावर झाडी किती होती, गंगाद्वाराची पायवाट कशी होती, कुशावर्त कुंडाला पाणी किती होते, हे त्यात आपोआप टिपले गेले आहे. त्या फोटोंच्या प्रती वाचनालयात एकत्र करू या आणि त्याच जागांवरून नवे फोटो घेऊ या. मोंटानात जे झाले तेच आपल्याकडे आपल्या घरातल्या ट्रंकांमधून होईल.

फेरीला जाणाऱ्या भाविकांनो, तिसऱ्या सोमवारी प्रयागतीर्थापासून पहिन्याकडे निघालात की वाटेतल्या प्रत्येक ओढ्याशी थांबा. प्लास्टिक टाकू नका एवढ्यावर आता भागणार नाही. कुठे नवी खोदाई दिसली, कुठे झाडे तुटलेली दिसली, तर फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि ग्रामपंचायतीला कळवा. लाखो डोळे एकाच दिवशी डोंगराला वळसा घालतात. एवढी मोठी पाहणी कोणत्या सरकारी खात्याला जमेल? शिवाची प्रदक्षिणा आणि डोंगराची राखण एकाच पावलाने होते.

आणि सरकारकडे आपले आणखी एक मागणे, एकमुखाने: सिंहस्थासाठी मंजूर होणाऱ्या निधीतला एक छोटा वाटा ब्रह्मगिरीच्या झऱ्यांसाठी वेगळा काढा. त्यातून मोजणारे नेमा, पर्जन्यमापक बसवा, माथ्यावर पाणी मुरवा. नदीच्या नावाने भरणाऱ्या मेळ्यात नदीच्या उगमाला वाटा नसेल, तर आपण नेमके कोणाचे पर्व साजरे करतो आहोत?

२०२७ नंतरचा सिंहस्थ २०३९ मध्ये येईल. आज जी मुले बादली धरतील ती तेव्हा कर्ती झालेली असतील. त्यांच्यासमोर बारा वर्षांच्या, सुमारे दीडशे पौर्णिमांच्या नोंदी असतील. झरे टिकले असतील तर कशाने टिकले, आटले असतील तर कुठल्या वर्षी, कोणत्या घावाने आटले, हे ती पुराव्यानिशी सांगतील. तेव्हा कोणाही अधिकाऱ्याला, ठेकेदाराला किंवा मंत्र्याला "असे काही झालेलेच नाही" असे म्हणायची सोय राहणार नाही. आपल्या पिढीने पुढच्या पिढीच्या हाती द्यावे असे याहून मोठे शस्त्र नाही.

तेव्हा समितीची, अध्यक्षाची, उद्घाटनाची वाट पाहत बसू नका. तुमच्या गावाजवळचा, शाळेजवळचा, नेहमीच्या वाटेवरचा एक झरा निवडा. चार माणसे जमवा, एक वही विकत घ्या. आणि येत्या पौर्णिमेला सकाळी दहा लिटरची बादली घेऊन त्या झऱ्यावर हजर राहा. पहिली ओळ त्याच दिवशी लिहून टाका आणि पुढच्या पौर्णिमेला पुन्हा या.